गोड बोलायचा कोर्स

सबनीस सरांनी मला फसवलं आणि मी वाघमारेला फसवलं. पहिल्या फसवणुकीचं सर्टिफिकेट माझ्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलेलं आहे. दुसरीचा कागद अंधेरीच्या एका कंपनीच्या फाइलमध्ये आहे, माझ्या सहीचा. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'उद्योजिकेची वाटचाल' मागितली होती. वाटचाल कसली, साकीनाक्याच्या एकाच गल्लीत पस्तीस वर्षं काढली आहेत मी. त्यापेक्षा हे लिहिते.

माझं प्रेस-शॉप आहे. प्रेस म्हटलं की लोकांना एकतर इस्त्री आठवते नाहीतर वर्तमानपत्र, म्हणून सांगते. खाली पोलादाचा साचा असतो, त्याला डाय म्हणतात. वर पंच असतो. मध्ये पत्रा सरकवायचा. पंच खाली येतो आणि पत्र्यातून हवा तो आकार कापून काढतो. विजेच्या पॅनलच्या दाराला ज्या बिजागऱ्या आणि पट्ट्या लागतात, त्या आम्ही अशा पाडतो. पाच प्रेस, चौदा माणसं. आवाज इतका, की नव्या माणसाला पहिले दोन दिवस घरी गेल्यावरही बायको काय म्हणते ते कळत नाही. काही जण त्यासाठीच टिकतात.

वडील गिरणीत होते. गिरणीचं संपलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि याच गल्लीत कुलपांच्या कारखान्यात हातप्रेसवर बसले. बारा वर्षांनी त्याच मालकाकडून तीच प्रेस विकत घेतली. दोन दिवस घासाघीस केली आणि शेवटी ज्या स्टुलावर बसून मी काम केलं तो स्टूलही त्यातच घातला. तो माणूस म्हणाला, "बाई, माझी खुर्चीपण घेऊन जा." मी म्हटलं, "पुढच्या वेळी." पुढच्या वेळी घेतलीसुद्धा.

वाघमारे पहिल्या वर्षापासून माझ्याकडे. मूळचा परभणीकडचा, राहायला घाटकोपरला. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, पण गाळ्यात सगळे मला ताई म्हणायचे म्हणून तोही ताई म्हणायचा, आणि मी त्याला अरे-तुरे करायचे. तो सेटर. म्हणजे डाय प्रेसवर बसवायची, पंच आणि डायमधली फट जुळवायची, पहिला तुकडा पाडून बघायचा आणि मग ऑपरेटरच्या ताब्यात द्यायची. या धंद्यात मालक बदलला तर चालतं, सेटर बदलला तर गाळा बसतो. वाघमारेचा कान असा होता, की पाठ करून चहा पीत असताना म्हणायचा, "तीन नंबरची धार गेली." धार असलेल्या डायचा आवाज तुटक येतो. धार गेली की तोच आवाज थोडा ओला येतो, चिखलात पाय पडल्यासारखा. मला तो फरक बारा वर्षं प्रेसवर बसूनही नीट कळला नाही.

आता माझ्या ओरडण्याबद्दल. मी ओरडायचे. आईकडून मालवणी आलेली असल्यामुळे राग चढला की आपोआप तिकडे जायचे. "मेल्या, डोळे खंय ठेवलंस रे?" इथून सुरुवात. पण गाळ्यात एक रीत होती, आणि ती मीच घातली होती. माझ्या टेबलावर एक स्टीलची थाळी. ज्याच्या हातून तुकडा खराब झाला, त्यानं तो स्वतः आणून थाळीत ठेवायचा. मी तो उचलायचे, बाहेर यायचे, आणि पाचही प्रेसच्या वरताण आवाजात त्याचा उद्धार करायचे. चौदा माणसांना कळायचं की काय बिघडलंय आणि कुणी काय करायचं नाही. वाघमारे डाय उघडायचा, दहा मिनिटांत कारण सापडायचं. पगार कधी कापला नाही, कागदावर कधी कुणाचं नाव घातलं नाही, आणि दुपारी तोच माणूस माझ्या डब्यातलं लोणचं मागायचा. थाळीत न ठेवता तुकडा भंगाराच्या ड्रममध्ये टाकणं, एवढा एकच गुन्हा होता. तो तेवीस वर्षांत दोघांनी केला.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. पॅकिंगला रेश्मा नावाची मुलगी होती. तिला एकदा मी इतकं बोलले, की ती जेवणाच्या सुट्टीत गेली ती परत आलीच नाही. चूक तिची नव्हतीच, खोकीच चुकीची आली होती. पुढे वर्षभरानं घाटकोपरच्या भाजीबाजारात ती समोरून येत होती. मला बघितलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. हातात दोन पिशव्या, कडेवर मूल, भरधाव रिक्षा, तरी गेली. ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून कोर्सचा विषय निघाला तेव्हा मी वरवर हसले, पण आतून तयार होते.

विषय काढला अंधेरीच्या कंपनीनं. माझं निम्म्याहून जास्त काम त्यांचं. त्यांच्या खरेदी खात्यात श्रुती नावाची मुलगी आहे, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं बोलावून घेतलं.

"मॅडम, आपल्या पसंतीच्या पुरवठादारांची नवी यादी होतेय. तुमचा माल चांगलाय, पण लीडरशिपमध्ये मार्क फार कमी आहेत."

"कुणी दिले?"

"ऑडिटला आमचा माणूस आला होता ना, त्यानं लिहिलंय, मालकीण ओरडतात."

"त्याला म्हणावं, पाच प्रेस चालू असताना कुजबुजून दाखव."

"मॅडम, मी तुमच्या बाजूची आहे. एक कोर्स करा. तीन दिवसांचा आहे, मुलुंडला. सबनीस सर घेतात. झाला की यादीत नाव."

सबनीस सरांना फोन केला. आवाज असा हळुवार, की ऐकताना आपल्यालाच ताप आलाय असं वाटावं. फीमध्ये एक पैसा हलेना. मग मी म्हटलं, "सर, कोर्स मुलुंडला, माझी माणसं साकीनाक्याला. पोहायला हॉलमध्ये बसवून शिकवणार काय? एक दिवस गाळ्यात या, ह्याच फीमध्ये." वीस मिनिटं घासलं आणि ती भेट फुकटात मिळवली. त्या दिवशी मी फार खुश होते. ती भेट मी मागितली नसती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

कोर्समध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. आमच्यासारखे बारा मालक. पहिल्या दिवशी आम्हाला रंग दिले. मी लाल निघाले. बोरिवलीचे एक प्लेटिंगवाले, म्हणजे धातूला मुलामा देणारे, भाई निळे निघाले, कारण ते बहुतेक वेळ झोपलेले होते. राग आला की दहा आकडे मोजायचे, असं सरांनी शिकवलं. मी हात वर केला. "सर, दहा मोजेपर्यंत प्रेस दहा तुकडे पाडते. दहाही खराब." सर हसले आणि म्हणाले, "बघा, पुन्हा लाल."

दुसऱ्या दिवशी ऐकण्याचा सराव. जोड्या केल्या. एकानं तीन मिनिटं आपलं दुःख सांगायचं, दुसऱ्यानं फक्त मान हलवायची, उपाय सांगायचा नाही. माझ्यासमोर प्लेटिंगवाले भाई. म्हणाले, "बहेन, मेरा तो रेक्टिफायर जल गया." रेक्टिफायर जळला की प्लेटिंगवाल्याचं सगळं काम बंद. आमच्या मागच्या गल्लीत तो दुरुस्त करणारा माणूस आहे, त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, आणि मी तीन मिनिटं मान हलवत बसले. चहाच्या सुट्टीत नंबर दिला. सरांनी पाहिलं. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला दुरुस्तीची फार घाई असते. माणसाला उत्तर नको असतं, त्याला कुणीतरी ऐकायला हवं असतं." त्यांचा नियमच होता: ऐका, आभार माना, सात दिवस विचार करा, मग बोला. मी तो वहीत लिहून घेतला. भाईंनी माझ्यासमोरच त्या माणसाला फोन लावला.

आणि मग सरांची ती फुकट मिळवलेली भेट झाली. पांढरे बूट घालून आले, जमिनीवरच्या तेलातून उड्या मारत माझ्या केबिनपर्यंत पोहोचले, आणि थाळी बघून त्यांचा चेहरा पडला. रीत समजावून सांगितली तर म्हणाले, "मॅडम, हा जाहीर अपमान आहे. माणसं आतून मोडतात याच्यानं." मग त्यांनी वाघमारेला बाजूला घेतलं. मी ऐकत होते.

"मॅडम सगळ्यांसमोर ओरडतात तेव्हा तुम्हाला कसं वाटतं?"

"ऐकू येतं, सर."

"नाही, आत काय वाटतं?"

"आत काय, चूक कुठं झाली ते बघायला डाय उघडतो."

सरांनी वहीत लिहिलं: भावना दाबलेल्या आहेत.

थाळी गेली. तिच्या जागी कुलूपवाली सूचनापेटी आली. चूक सांगायची तर केबिनमध्ये, दार लावून, एकट्याला. आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी पुन्हा कौतुक. आणि सगळ्यांना अहो-जाहो. मी जे करते ते पूर्ण करते. दुसऱ्या दिवशी सकाळी वाघमारेला म्हटलं, "वाघमारे, तुम्ही काल लावलेली डाय फार सुंदर होती."

त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला. "ताई, तब्येत बरी नाही काय?"

आठवडाभरात गाळा गप्प झाला. प्रेसचा आवाज तोच, माणसांचा गेला. मी कुणाचं कौतुक सुरू केलं की तो पाय बदलत उभा राहायचा, पुढचा घाव कधी पडतोय याची वाट बघत. पॅकिंगची सुनंदा धीट आहे. एका दुपारी आत येऊन तिनं दार लावलं आणि म्हणाली, "ताई, खरं सांगा, गाळा कुणाला दिलात?"

"कुणी सांगितलं गं?"

"सगळे बोलतायत. शेजारचे दोन गाळे विकायच्या आधी त्यांचा मालक पण असाच गोड झाला होता."

मी ओरडणार होते. मोजले दहा. म्हटलं, "तुमची काळजी मी समजू शकते." सुनंदा बाहेर गेली आणि तिनं सगळ्यांना सांगितलं की नक्की विकलाय.

त्यानंतरच्या मंगळवारी वाघमारे केबिनमध्ये आला. उभाच राहिला. मी त्याला बसायला सांगितलं, हेही नवीनच.

"ताई, बिजागरीची डाय गेलीय. बर यायला लागलाय." बर म्हणजे कापलेल्या कडेला उभा राहणारा केसाएवढा धारदार काठ. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो. "ग्राइंडिंगला द्यावी लागेल. दोन दिवस प्रेस बंद."

बिजागऱ्यांचा मोठा लॉट शुक्रवारी अंधेरीला जायचा होता. एरवी मी काय केलं असतं ते मला नीट माहीत आहे. मी किंचाळले असते की दोन दिवस कुठून आणू, वाघमारेनं तितक्याच जोरात सांगितलं असतं की मग माल परत येईल तो ठेवायला जागा आणा, आणि पाच मिनिटांत डाय रिक्षात असती. त्या दिवशी मी मान हलवली. त्याचं पूर्ण ऐकलं. म्हटलं, "मोकळेपणानं बोललात, थँक्यू. मी विचार करते." आणि वहीत लिहिलं.

त्यानं माझ्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं." उठून गेला. पुढे मला कळलं, त्यानं बाहेर जाऊन ऑपरेटरला सांगितलं, "चालू दे. त्यांना फरक पडत नाही आता."

शुक्रवारी लॉट गेला. सोमवारी परत आला, सगळाच्या सगळा. कंपनीत पॅनल जोडणाऱ्या एका बाईचं बोट कापलं होतं, तीन टाके पडले. मागोमाग एक फॉर्म आला. चूक काय, का झाली, जबाबदार कोण, कारवाई काय. तो भरून दिल्याशिवाय यादीतलं नाव पक्कं होणार नव्हतं. मी 'जबाबदार कोण' समोर लिहिलं: डाय झिजली होती. श्रुतीनं परत पाठवला.

"मॅडम, सिस्टीम माणसाचं नाव मागते."

"आणि मालकाचं घातलं तर?"

"मालकाचं घातलं तर लीडरशिप पुन्हा खाली जाईल ना. तुम्हीच बघा."

सबनीस सरांना फोन केला. ते त्याच तापातल्या आवाजात म्हणाले, "नाव लिहिणं म्हणजे दोष देणं नव्हे, मॅडम. त्या माणसाला आपल्या कामाची मालकी देणं आहे ते. फक्त शांतपणे करा. आवाज चढवू नका."

मी शांतपणे केलं. आयुष्यभर पत्र्याचा भाव केला, भंगाराचा केला, त्या दिवशी वाघमारेचा केला. एका बाजूला यादी, दुसऱ्या बाजूला तो, आणि मी यादी घेतली. फॉर्मवर कामगाराचीही सही लागायची. त्याला बोलावलं. फॉर्म इंग्रजीत होता, पण आपलं नाव त्यानं ओळखलं.

"हे काय आहे?"

"फॉर्मॅलिटी आहे, वाघमारे. तुमच्यावर काही कारवाई नाही. तुमच्या कामाबद्दल मला आदरच आहे."

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो."

"मंगळवारी. तुम्ही थँक्यू म्हणालात."

"हो."

त्यानं खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि सही केली. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाला, "तेवीस वर्षं शिव्या घातल्यात. कागदावर कधी घेतलं नव्हतंत." दुसऱ्या दिवशी त्यानं नोटीस दिली. महिनाभर एकही खाडा केला नाही. प्रत्येक डायची फट किती ठेवायची ते एका वहीत लिहून ठेवलं, आणि वसईला दुसऱ्या गाळ्यात गेला.

वही आहे. कान नाही. नवीन सेटर चांगला आहे, पण धार गेलेली त्याला तुकडा बघितल्यावर कळते, म्हणजे उशिरा कळते. थाळी मी टेबलावर परत ठेवली, तर दोन महिने तिच्यात कुणी काही टाकलं नाही. सुनंदानं पहिला तुकडा टाकला, तोही मला विचारून. आता मी ओरडते, पण आधी विचारते की खोकी तर चुकीची आलेली नाहीत ना. रेश्मापायी एवढं शिकले, आणि ते शिकायला मुलुंडला जायची गरज नव्हती. ओरडणारा मालक वाईट असेल, मी नाही म्हणत नाही. पण माणूस सांगतोय की धार गेली, आणि मालक मान हलवून त्याचे आभार मानतोय, हा त्याहून वाईट मालक मी स्वतः होऊन बघितला आहे.

कंपनीला मी पत्र लिहिलं, की वाघमारेनं तीन दिवस आधी सांगितलं होतं, ऐकून गप्प मी बसले, जबाबदार मी. श्रुतीचं उत्तर आलं, की केस बंद झाली आहे, आता नाव बदलता येत नाही. त्या पत्राची प्रत घेऊन घाटकोपरला वाघमारेच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं चहा केला. त्यानं पत्र दोनदा वाचलं, नीट घडी घालून परत दिलं.

"हे तेव्हा लिहायचं होतं, मॅडम."

तेवीस वर्षं ताई म्हणणारा माणूस. मी विषय बदलला. "तिथं कसं आहे?"

"मालक चांगला आहे," वाघमारे म्हणाला. "ओरडतो."

मी उठले, घरी आले, आणि हे प्रकरण इथेच मिटवणार होते. पण मागच्या महिन्यात अंधेरीच्या कंपनीत श्रुतीच्या टेबलावर सबनीस सरांचं नवीन माहितीपत्रक पाहिलं. गुळगुळीत कागद, वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, की अशी बदलतात माणसं. खाली माझ्या गाळ्याचा फोटो. सर आले होते त्या दिवशी त्यांनी मोबाइलवर काढला होता, मला माहीतसुद्धा नव्हतं तो कशासाठी. मी मधोमध हसत उभी आहे. माझ्या डाव्या बाजूला वाघमारे उभा आहे, हातात पाना, नुकतीच डाय बसवून आलेला. फोटोखाली छापलंय: 'इथे आता प्रत्येकाचं ऐकलं जातं.'

सबनीस सर, हा अंक मी तुमच्या पत्त्यावर पाठवते आहे. माझ्या वाट्याचं उत्तर मी वर लिहिलं, नाव आणि सही दोन्ही माझी. तुमच्या वाट्याचं उरलंय. फोटो नुसता काढून टाकून चालणार नाही, फार घाईनं काढाल ते मला माहीत आहे. पुढच्या पत्रकात त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा, की डावीकडचा माणूस मंगळवारी काय म्हणाला होता आणि तो आता या गाळ्यात का नाही. सात दिवस विचार करू नका. मला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. वसईला जा, आणि त्याला द्या.